एक डिट कमी

नंदू,

परवा तुझा रिपीटर बंद करून आले.

परवाना तुझ्या नावावर होता. माणूस गेला की त्याचा परवाना संपतो, आणि परवाना संपला की त्या यंत्राने एक अक्षरही हवेत पाठवायचं नसतं. हा नियम परीक्षेच्या वेळी मीच तुझ्याकडून पाठ करून घेतला होता. तरी तू गेल्यावर सव्वा महिना तो चालू राहिला. दोनदा टेकडीखालच्या वाडीपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा वर चढले.

रिपीटर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्यांच्याही हातात कल्याणच्या रेडिओ मंडळाचा हा अंक पडेल, म्हणून थोडं त्यांच्यासाठी लिहिते. तू कंटाळशील. कंटाळ. हातातल्या छोट्या रेडिओचा आवाज डोंगरापलीकडे जात नाही. म्हणून उंचावर एक पेटी ठेवायची. ती खालचा आवाज ऐकते आणि त्याच क्षणी जोर लावून पुन्हा सोडते. शहापुरात मी, मुरबाडात शाळेत शिकवणारा माझा धाकटा भाऊ, आणि मध्ये वाडीच्या वरच्या टेकडीवर, देवीच्या देवळामागे, आमची पेटी. सोलरचं एक पॅनल, एक बॅटरी, लोखंडी पाइपाला बांधलेला अँटेना.

आता ओळख देण्याचा नियम. हवेत बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी आपलं कॉलसाइन सांगायचं, म्हणजे सरकारने दिलेलं नाव. बोलणं संपताना पुन्हा सांगायचं आणि लांबलं तर मध्ये दर दहा मिनिटांनी सांगायचं. रिपीटरला तोंड नाही, म्हणून तो आपलं कॉलसाइन मोर्समध्ये वाजवतो. पण उगाच वाजवत नाही. कुणी बटण दाबून त्याला जागं केलं तर दहा मिनिटांनी वाजवतो. त्या दहा मिनिटांत पुन्हा कुणी दाबलं असेल तर आणखी दहा मिनिटांनी पुन्हा वाजवतो. कुणीच दाबलं नसेल तर गप्प राहतो.

एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजेल. मला हे पंचवीस वर्षं ठाऊक होतं. त्या एका दुपारी लक्षात राहिलं नाही.

*

मोर्स मी तुला सापगावच्या घरी शिकवलं, गच्चीवर, वालाच्या शेंगा सोलता सोलता. मी कल्याणला कॉलेजात शिकून आले होते आणि मला वाटत होतं की कुणालाही येईल. तुला येईना. कुठला ठिपका आणि कुठली रेघ, तुझा गोंधळ व्हायचा. तेव्हा शाळेतलं वृत्तांचं प्रकरण आठवलं. लघु म्हणजे ठिपका, डिट; गुरू म्हणजे रेघ, डा. त्या त्या अक्षराने सुरू होणारा मराठी शब्द घ्यायचा आणि तो म्हणत म्हणत बोट आपटायचं. ए म्हणजे ‘असा’. एम म्हणजे ‘मामा’. एन म्हणजे ‘नाक’. एस म्हणजे ‘सरळ’, आर म्हणजे ‘रुमाल’. आठ दिवसांत तुझी गाडी धावायला लागली.

बी मात्र अडला. एक गुरू आणि मागे तीन लघु. ‘ब’ने सुरू होणारा असा शब्द सापडेना. आई शेजारी शेंगा सोलत होती. मावशीच्या घरचं काहीतरी सांगत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, “जाऊ दे, मला बोलवत नाय.” तू उडी मारून म्हणालास, “ताय, बोलवत! बो-ल-व-त!” आईला काय झालं ते कळेना. तिचं दुःख राहिलं बाजूला आणि आपण दोघं ताटावर बोटं आपटत बसलो. बो-ल-व-त. डा डिट डिट डिट.

पुढे रिपीटरला जे कॉलसाइन मिळालं त्याचं शेवटचं अक्षर नेमकं बी निघालं. तुला किती आनंद झाला होता.

*

लोक मला विचारतात की फोन असताना तुम्ही बहीणभाऊ हे खेळ कशाला करत होता. मी उत्तर देत नाही. इथे देते.

माझं लग्न मोडून मी शहापूरला परत आले, बाबांचं पंपाच्या जळलेल्या मोटारी भरायचं दुकान उघडलं, तेव्हा घरातलं कुणी ना कुणी रोज येऊन समजूत घालून जायचं. तू पंधरा दिवस फिरकला नाहीस. मग एका रविवारी एसटीतून पाइप आणि तारांचं भेंडोळं घेऊन आलास आणि दुकानाच्या पत्र्यावर चढलास. खाली उतरून चहा प्यायलास आणि म्हणालास, “उद्यापासून सकाळी सात वाजता. उशीर करू नको.” बाकी एक शब्द बोलला नाहीस. नवऱ्याचं नाव नाही, माझं काय होणार ते नाही. त्या वेळी टेकडीवर पेटी नव्हती. तुझा आवाज खरखरीतून जेमतेम यायचा, पण यायचा. सात वाजता बोलायचं म्हणजे सहाला उठावं लागायचं. उठलं की आंघोळ, चहा, केस विंचरणं. एवढ्यावर मी तगले. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला ठाऊक असणार, म्हणून सांगितलं नाही. ही माझी नेहमीची सबब.

नंतर पेटी बसली आणि आवाज स्वच्छ यायला लागला. सात म्हणजे सात. पण सुरुवात तू कधी सरळ केली नाहीस.

“ताय, हायस का गो?”

“अनोळखी स्टेशन, आपलं कॉलसाइन सांगा.”

“घ्या! एका ताटात जेवलो आपण नि आता अनोळखी?”

“अनोळखी स्टेशन, आपलं कॉलसाइन सांगा.”

“सांगतो गो बाय, सांगतो.” मग आकाशवाणीवरच्या माणसासारखा घसा खाकरून तू पूर्ण कॉलसाइन म्हणायचास आणि पुढे जोडायचास, “मुरबाडहून, तुझा एकुलता एक, गुणाचा भाऊ.”

त्याशिवाय मी उत्तर द्यायचे नाही. कधीच दिलं नाही. तुला सर्दी असली, शाळेत इन्स्पेक्शन असलं, तरी नाही. तू खोटं रागवायचास. “हिला तिकडं कुणी मरत असला तरी कॉलसाइन लागेल,” असं एकदा सुनंदाला ओरडून सांगितलंस, बटण दाबलेलं असताना. आपण तिघं हसलो होतो. आता तुझी बायको आणि मी, दोघींनाही ते वाक्य आठवतं आणि दोघी ते एकमेकींना सांगत नाही.

हौशी रेडिओवर धंद्याचं बोलायला बंदी. मी तीही पाळायचे. तू विचारायचास, “कालची मोटार झाली का?” मी म्हणायचे, “धंद्याचं बोलायचं नाही.” तू म्हणायचास, “धंदा कुठं? तब्येत विचारतोय तिची.”

*

डिटची गोष्ट आता सांगायलाच हवी.

कॉलसाइन वाजवणारा बोर्ड तू स्वतः केलास, जुन्या पद्धतीचा. प्रत्येक डिटला एक डायोड, प्रत्येक डाला तीन, ओळीने टाके मारलेले. शेवटच्या अक्षराला एक डायोड कमी पडला. पुडी संपली होती. मुरबाडात मिळेना आणि शाळेला सुट्टी एकच दिवस. तू तसाच बोर्ड पेटीत बसवून आलास. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा आयडी, म्हणजे पेटीची ओळख, वाजलं तेव्हा मी दुकानात कान लावून बसले होते. शेवटी डा डिट डिट. आणि गप्प.

“नंदू, एक डिट कमी आहे. बी नाही वाजत, डी वाजतोय.”

“डी नाय गो. बोलवत मधला त राह्यला. रिपीटर बोलव म्हणतोय. बो-ल-व.”

“डीने संपणारं कॉलसाइन दुसऱ्या कुणाचं तरी असेल. आपण रोज त्याच्या नावाने हवेत जातोय. हे बेकायदा आहे.”

“मग त्यालापण बोलव. चहा पाजू.”

अकरा वर्षं हा वाद चालला. होळीनंतर करतो, परीक्षा झाल्या की करतो, पाऊस उघडला की करतो. डायोड मी स्वतः आणून तुझ्या हातात ठेवला. तो तू हरवलास. दुसरा आणला, तो सुनंदाने देवघराच्या खणात जपून ठेवला, आणि तिथेच राहिला. मी चिडले की तू म्हणायचास, “ताय, शहापूर-मुरबाडात डिट मोजणारी तू एकटीच. बाकी लोकांना फक्त टीटीटी ऐकू येतं. आणि बोलव काय वाईट हाय? दर दहा मिनिटांनी डोंगरावरनं कुणीतरी बोलव, बोलव म्हणतंय. ऐक जरा.”

मी ऐकायचे आणि वहीत लिहायचे: आयडी चूक. एक डिट कमी.

या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज आला. त्यात लिहून द्यायचं होतं की केंद्र नियमाप्रमाणे ओळख देतं. दरवेळी अर्ज मी भरते, तू सही करतोस. मी म्हटलं, या वेळी मी खोटं भरणार नाही. आधी डिट, मग अर्ज. तू म्हणालास, “उन्हं उतरू दे.” मी म्हटलं, “अकरा वर्षं उन्हंच उतरतायत तुझी.” एवढं लागेल असं मी बोलत नाही सहसा. त्या दिवशी बोलले.

रविवारी सकाळी सातला तू कॉलसाइन पहिल्याच दमात दिलंस, न मागता. मला खरं तर तेव्हाच चुकल्यासारखं वाटायला हवं होतं. म्हणालास, “जातोय आज वर. देवघरातनं तुझा डिट काढून घेतलाय. सुनंदा म्हणते, देव रागवेल.” मी म्हटलं, “पाणी घेऊन जा, टोपी घाल.” हे शेवटचं नीट बोलणं. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. तक्रार पुढच्याची आहे.

*

आसनगावच्या एका सोसायटीच्या पंपाची मोटार जळून आली होती. लोकांचं पाणी बंद, म्हणून रविवारी दुपारीही मी दुकानात होते. कॉइल भरताना वेढे मोजावे लागतात. मोजणी चुकली की सगळी तार सोडून पहिल्यापासून. अडीच वाजता मी एक्केचाळिसाव्या वेढ्यावर होते. रेडिओ फळीवर चालू होता.

“ताय.”

एवढंच. ‘हायस का’ नाही, ‘गो’ नाही. मी बेचाळीस, त्रेचाळीस करत चौसष्टपर्यंत गेले, तारेला गाठ मारली, हात पुसले आणि माइक उचलला.

“अनोळखी स्टेशन, आपलं कॉलसाइन सांगा.”

खट्. फुस्स. बटण दाबून सोडल्याचा आवाज. शब्द नाही.

“अनोळखी स्टेशन, आपलं कॉलसाइन सांगा.”

पुन्हा खट्, पुन्हा फुस्स. मला वाटलं, बोर्ड उघडून बसलाय, टाके मारतोय, मध्ये मध्ये दाबून बघतोय. मला चिडवतोय. माइक खाली ठेवला आणि वहीत वेळ लिहून पुढे लिहिलं: अनोळखी स्टेशन. कॉलसाइन नाही. उत्तर दिलं नाही.

दोन चाळीसला आयडी वाजलं. मी हातातली तार सोडून ऐकलं. शेवटचं अक्षर, डा डिट डिट डिट. चार पुरे. बोलवत. मी एकटी दुकानात मोठ्याने “शाब्बास रे!” म्हणाले. माइकवर नाही. माइकवर तू आधी कॉलसाइन द्यायला हवं होतंस. वहीत लिहिलं: २.४०, आयडी बरोबर. मग पुढच्याचीही वाट पाहिली, एकदा बरोबर वाजलं म्हणजे टाका पक्का बसला असं नसतं. २.५०, बरोबर. ३.००, बरोबर. मधून मधून खट्, फुस्स चालूच होतं. तीनदा बरोबर वाजलं, तेव्हा समाधान होऊन पुढची कॉइल घेतली. तीन दहाला आयडी आलं नाही. तेही लक्षात आलं. मनात म्हटलं, आटपलं याचं, उतरला खाली.

बुधीबायला तू चारनंतर सापडलास. वाडीतली बाई, वर सरपणाला गेलेली. मी तिला नंतर तीनदा विचारलं आणि तिने तीनदा तेच सांगितलं. “सर देवळाच्या जोत्याला टेकून बसेल व्हतं. मला वाटलं झोप लागली. हाक मारली, ओ सर, ओ सर. टोपी डोक्यावर, पाण्याची बाटली भरेल. हातात ती बारकी बोलायची पेटी नि आंगठा बटनावर ठेवेल.”

मी विचारलं, “पेटीतून काही बोलणं येत होतं?”

“नाय बाय. पेटी गप व्हती.”

*

वही मी तिसऱ्या दिवशी उघडली. तोवर स्मशान, फोन, पाहुण्यांच्या चटया, सुनंदाला दोन घास भरवणं, हे सगळं मी व्यवस्थित केलं. मला कामं सांगा, मी करते. तिसऱ्या दिवशी दुकानात आले आणि सवयीने वहीतली शेवटची पानं चाळली.

२.४०, २.५०, ३.००. तिन्ही वेळा माझ्याच अक्षरात, ठळक.

रिपीटर आपल्या आपण आयडी देत नाही. दोन चाळीसला दिलं, कारण अडीचला तू दाबलंस. दोन पन्नासला दिलं, कारण चाळीसनंतर दाबलंस. तीनला दिलं, कारण पन्नासनंतरही तू बटण दाबत होतास. तुझ्या छातीत कळ आली होती, आवाज फुटत नव्हता, फोनला तिथे रेंज नाही, आणि हातात एकच गोष्ट होती. वीस मिनिटं तरी तू ती दाबत राहिलास. दर दहा मिनिटांनी यंत्र कायद्याप्रमाणे सांगत राहिलं की इथे कुणीतरी आहे. मी टिकमार्क करत राहिले.

वाडीतल्या अंगणवाडीच्या बाईंचा नंबर दुकानातल्या भिंतीवर लिहिलेला आहे. एक फोन केला असता तर वीस मिनिटांत चार माणसं वर पोचली असती. मी कुणालाही बोलवलं नाही.

डॉक्टरांना विचारलं, “लगेच खाली आणलं असतं तर?” ते म्हणाले, “सांगता येत नाही, मॅडम.” चांगला माणूस आहे, वाचला असता असंही म्हणाला नाही आणि नसता वाचला असंही नाही. लोकांना वाटतं यात दिलासा आहे. मला हो किंवा नाही हवं होतं. ‘सांगता येत नाही’ घेऊन मी रोज सकाळी सहाला उठते. सातपर्यंत माझं सगळं आवरून झालेलं असतं.

रेडिओवाले गेलेल्या माणसाला ‘सायलेंट की’ म्हणतात. बटण शांत झालं, असा अर्थ. शोकसभेत कल्याणचे लोक तसं बोलले. मी ऐकून घेतलं. तुझं बटण शांत नव्हतं. शांत मी होते.

अकराव्या दिवशी सुनंदाने मला स्वयंपाकघरात गाठलं. भांडी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, त्यांनी त्या दुपारी तुम्हाला बोलवलं होतं का हो?”

मी म्हटलं, “रेडिओ बंद होता गं. मोटारीचं काम होतं.”

ती म्हणाली, “मग बरं.” आणि पुढचं भांडं घेतलं.

एका डिटसाठी खोटं लिहिणार नाही म्हणून तुला डोंगरावर धाडणारी मी. हे मी बोलले, डोळ्याचं पातं न लवता. तिच्यासाठी बोलले असं स्वतःला सांगून पाहिलं. टिकलं नाही. ती मला घरी येऊ देते, जेवायला वाढते, ते थांबेल म्हणून मी बोलले. अंकासाठी तुझ्याबद्दल लिहा असं कल्याणच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा आधी दुसराच लेख लिहिला होता. तुझ्या शाळेतले प्रयोग, पुराच्या दिवसांत फोन बंद पडल्यावर आपण पोचवलेले निरोप, तुझे विनोद. चांगला होता. फाडला.

सुनंदा, रेडिओ चालू होता. त्यांनी बोलवलं होतं. हे छापून येण्याआधी मी मुरबाडला येऊन तुला वाचून दाखवणार आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

*

कल्याणचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, परवाना तुमच्या नावावर करून घ्या, पेटी चालू राहील, भावाची आठवण राहील. त्यांना म्हटलं, पावसाळ्यासाठी तुम्ही दुसरी पेटी बसवा, जागा दाखवते, खड्डाही खणून देते. ही मी बंद करणार. नव्या परवान्याला नवं कॉलसाइन मिळेल. हे चार डिटांचं नाव तसंही जाणार.

आता तू म्हणशील, चार नाय ताय, एक डा नि तीन डिट. बरोबर. बघ, मलाही मोजता येईनासं झालं.

परवा सकाळी चढले. बुधीबाय देवळापर्यंत सोबत आली आणि जोत्यापासून लांब, करवंदीच्या जाळीजवळ जाऊन बसली. मी पेटी उघडली. बोर्ड बघितला. जुने टाके काळवंडलेले, आणि शेवटी एक चकचकीत. धंद्याने मला टाक्यातलं कळतं. गोल, स्वच्छ, एका दमात मारलेला. हात थरथरलेला नाही. म्हणजे टाका मारेपर्यंत तू ठीक होतास. काम पुरं करून, पेटी बंद करून, कुलूप लावून मग बसलास जोत्याला टेकून. ‘ताय’ म्हणालास ते कदाचित झालं हे सांगायला असेल आणि कळ नंतर आली असेल. किंवा आधीच आली असेल. सांगता येत नाही.

आजवर न केलेली गोष्ट केली. तू बसला होतास तिथे बसले, रेडिओ हातात घेतला, बटण दाबलं आणि कॉलसाइन दिलं नाही.

“नंदू, ताय बोलत्येय. बोल रे.”

बटण सोडलं. फुस्स.

कुणाचं काही नाही. एवढ्या परिसरात कुणीच ऐकत नव्हतं, की ऐकून गप्प बसलं, ठाऊक नाही. ओळख न देणाऱ्या केंद्राला उत्तर द्यायचं नसतं. मीच सगळ्यांना शिकवलंय.

घड्याळ लावून बसले. ऊन वर आलं. पाच मिनिटांनी बुधीबायने विचारलं, “झाला का?” मी म्हटलं, थांब. इथे बसून दहा मिनिटं किती लांब असतात ते बघायचं होतं. नंदू, फार लांब असतात. आणि तू दोन वेळा बसलास, तिसऱ्यांदा अर्धीमुर्धी.

दहाव्या मिनिटाला माझ्या हातातल्या रेडिओत आयडी वाजलं. सगळी अक्षरं नीट, आणि शेवटी बो-ल-व-त. मी वाट बघत राहिले की ‘त’ गळेल. गळला नाही. तू टाका फार चांगला मारला होतास.

मग बॅटरीची वायर सोडली. छोटा हिरवा दिवा विझला. टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, पेटीला कुलूप लावलं, खाली उतरले.

संध्याकाळी दुकानात वही काढली, कारण प्रत्येक प्रक्षेपणाची नोंद करायची असते. त्या रविवारच्या ओळी त्याच पानावर वर होत्या. वहीत खाडाखोड चालत नाही, म्हणून त्या तशाच ठेवल्या. त्यांच्याखाली परवाची तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं:

अनोळखी स्टेशन. कॉलसाइन नाही. उत्तर आलं नाही.